थोडे वाचकावर सोडावे

उद्धवराव सेलूकरांनी जन्मात एकाच पत्राला उत्तर दिले नव्हते. एरवी ते कोणाचे उत्तर ठेवून घेणारे गृहस्थ नव्हते. लग्नाची छापील पत्रिका आली तरी ते पोच लिहीत. एका साबणवाल्या कंपनीने ‘आमचा साबण आपणास कसा वाटला?’ असे कार्ड पाठवले होते. त्यालाही त्यांनी दोन पाने लिहून कळवले की साबण बरा आहे, पण आपण या विषयातले जाणकार नाही. मात्र सहा ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तरचे एक निळे अंतर्देशीय पत्र सहा वर्षे त्यांच्या कपाटात पडून होते. ते त्यांनी एका जाड ग्रंथात ठेवले होते, आणि ते चुकून समोर येऊ नये म्हणून तो ग्रंथच वाचायचा सोडून दिला होता. ग्रंथ चांगला होता. त्याचा शेवट काय होतो हे त्यांना अजून ठाऊक नाही.

पत्रावर नाव त्यांचे नव्हते. ‘माननीय लेखणीची धार लिहिणारे साहेब यांस’ एवढेच होते.

उद्धवराव पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होते. बासष्ट साली ते सेलूहून इकडे आले आणि पुढची चौदा वर्षे कोण किती वाजता आत आला, कोण किती वाजता बाहेर गेला, हे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले. जेवणाच्या सुट्टीत ते खिडकी लावून पुस्तक वाचत. हे वेल्फेअर ऑफिसर जयसिंग साहेबांनी पाहिले. कारखान्याचे एक मासिक निघत असे. त्यात वाढदिवस, निवृत्ती आणि आगीपासून सावधगिरी इतके छापूनही एक पान कोरे राहत होते.

“सेलूकर, तुम्ही वाचता ना? मग काही तरी लिहा,” जयसिंग साहेब म्हणाले.

“काय लिहू, साहेब?”

“कसं लिहावं, ते लिहा. आपल्या पोरांत कोणी लेखक निघाला तर कंपनीचं नाव होईल.”

उद्धवरावांनी स्वतः एकच गोष्ट लिहिली होती, एकोणपन्नास साली. ती पुण्याच्या एका मासिकाकडून ‘साभार परत’च्या छापील चिठ्ठीसह परत आली होती. चिठ्ठीवरचे ‘साभार’ त्यांना तेव्हा खरे वाटले होते. ही हकिगत साहेबांना सांगावी असे त्यांच्या मनात आले. पण साहेब तोवर जिना उतरून गेले होते. मग उद्धवरावांनी ‘लेखणीची धार’ हे सदर सुरू केले, खाली आपले नाव न घालता ‘एक वाचक’ अशी सही केली, आणि वाचनालयातल्या पुस्तकांतून जमेल तेवढा सल्ला गोळा करून दर महिन्याला छापायला दिला.

पहिल्या लेखात त्यांनी लिहिले की लेखकाने रोज ठरावीक वेळी पहाटे उठावे. हे तीन पाळ्यांच्या कारखान्यात छापून आले. चौथ्यात लिहिले की लेखकाने एकांतात बसावे. ते स्वतः तेव्हा दोन खोल्यांत सहा माणसांत राहत होते आणि तो लेख त्यांनी मोरीच्या उंबऱ्यावर बसून पुरा केला. सातवा लेख मात्र त्यांना स्वतःला आवडला. त्यात लिहिले होते : ‘सगळे सांगून टाकतो तो बातमीदार. लेखकाने थोडे सांगावे, थोडे वाचकावर सोडावे. जाणकार वाचक उरलेले समजून घेतो.’ हे वाक्य त्यांनी कुठून घेतले होते ते त्यांना आठवत नव्हते, म्हणून ते आपलेच असावे असे त्यांनी धरले.

मासिक बहुतेकजण भाकरी बांधायला नेत. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा एकच माणूस कारखान्यात होता. तो म्हणजे मेंटेनन्सचा फिटर शफी मुलाणी. तो चाकणच्या पलीकडच्या महाळुंग्याहून एसटीने येई. आगीच्या बादल्या कुठे कुठे टांगल्या आहेत ही यादीसुद्धा तो वाचत असे.

मेंटेनन्सला एक लॉगबुक असते. पाळी संपताना फिटरने कोणत्या मशीनला काय झाले, काय केले आणि पुढच्या पाळीच्या माणसाने काय बघायचे, ते त्यात लिहून जायचे. शफीच्या नोंदी प्रसिद्ध होत्या. ‘प्रेस नं. ३. डाव्या अंगाचं बेअरिंग गरम. ग्रीस दिलं. दर तासाला हात लावून बघणे. हात ठेववत नसला तर प्रेस बंद करणे आणि मला घरून बोलावणे.’ सुपरवायझर म्हणत, शफीची नोंद वाचली की आंधळ्यालाही प्रेस चालवता येईल.

सातव्या लेखानंतरच्या आठवड्यात त्याच बेअरिंगची शफीने अशी नोंद केली : ‘प्रेस नं. ३ आज काही तरी मनात धरून आहे. बोलत नाही, पण जाणकाराने ओळखावे.’

पुढच्या पाळीला सोपानराव होते. त्यांनी नोंद वाचली आणि प्रेस चालू केली. दीड तासात बेअरिंग जॅम झाले, शाफ्ट वाकला आणि प्रेस अकरा दिवस बंद पडली. कोणाला खरचटले नाही, एवढे नशीब. शफीला चार्जशीट मिळाली. सोपानरावांचा जबाब आधी झाला, तो पर्सोनेलचा टायपिस्ट भीमराज याने टाइप केला आणि डब्याच्या वेळी उद्धवरावांना तोंडपाठ म्हणून दाखवला.

“साहेब विचारतात, नोंद वाचली होती का? सोपानराव म्हणतो, वाचली होती. मग काय केलं? तर म्हणतो, आवडली. आवडली म्हणजे काय? म्हणतो, बरं लिहिलंय असं वाटलं, म्हणून दोघा जणांना बोलावून वाचून दाखवली. आणि मग? मग म्हणतो, प्रेस चालू केली!”

भीमराज डबा बाजूला ठेवून हसला. उद्धवरावांनी आपला डबा झाकून ठेवला. दोन दिवसांनी मासिकाच्या टपालात ते निळे पत्र आले. सदर सुरू झाल्यापासून आलेले ते पहिले पत्र होते.

‘साहेब, आपला सात नंबरचा लेख मी तीनदा वाचला आणि तसं करून बघितलं. लॉगबुकात थोडं सांगितलं, थोडं सोडलं. वाचणाऱ्याने वाचलं, पण सोडलेलं उचललं नाही. माझी चौकशी एकोणीस तारखेला आहे. तिथं मी आपलं नाव काढणार नाही, कारण माझ्या समजण्यात चूक असेल तर आपल्याला उगा त्रास. पण त्याआधी मला एवढं कळलं पाहिजे. वाचणारा जाणकार नसला, तर किती सोडावं? चूक माझी, का लेखाची? उत्तर यावे. शफी लालमहंमद मुलाणी, फिटर. मु. महाळुंगे, पो. चाकण.’

उद्धवरावांनी उत्तराचे चार कच्चे मसुदे केले. पहिल्याची सुरुवात आकाशापासून होती. चूक लेखाची म्हणावे तर नोकरीवर येईल असे त्यांना वाटले. तेव्हा निवृत्तीला दोन वर्षे होती. चूक तुमची म्हणावे तर ते खोटे. शफी रोज सकाळी त्यांच्याच खिडकीत कार्ड पुढे करी, “नमस्कार, सेलूकर साहेब” म्हणे, आणि सेलूकर साहेब रजिस्टरात मान घालून त्याची वेळ लिहीत. ‘एक वाचक’ या काचेपलीकडे बसला आहे हे त्याला माहीत नव्हते. एकोणीस तारीख आली आणि गेली. शफीने चौकशीत कबूल केले की चूक माझी. निकाल भीमराजने टाइप केला : ‘सदर कामगाराने यापुढे लॉगबुकात स्वहस्ते कोणतीही नोंद करू नये.’ त्या दिवसापासून शफी पाळी संपली की जे सांगायचे ते तोंडाने सांगे आणि दुसरे कोणी तरी ते लिही.

शहात्तरला उद्धवराव निवृत्त झाले. संत तुकाराम नगरात त्यांना हाउसिंग बोर्डाची खोली मिळाली होती, तिथे ते आणि पत्नी रुक्मिणीबाई दोघेच राहू लागले. एकांत आता भरपूर होता. त्यांनी एक ओळही लिहिली नाही.

ऐंशीच्या जुलैमध्ये, एका रविवारी दुपारी, भीमराज बगलेत एक पुडके घेऊन आला.

“घ्या उद्धवराव, तुमचं बाळ.” त्याने पुडके चटईवर सोडले. छापखान्यातून आलेली ओली-सुकी प्रुफं होती. “जयसिंग साहेब तुमच्या लेखांचं पुस्तक काढतायत. कारखान्याला अठरा वर्षं झाली म्हणून.”

“अठरा?”

“पंचवीस व्हायची वाट बघितली तर साहेबांची बदली होईल. आता ते मॅनेजर झालेत, हात मोकळा आहे. तुम्ही फक्त चुका काढा आणि पोस्टानं परत पाठवा.”

पहिल्या पानावर ‘लेखणीची धार’ आणि खाली ‘उद्धव गोविंद सेलूकर’ असे छापले होते. उद्धवरावांनी नावावर अंगठा ठेवला. शाई अंगठ्याला लागली. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांचे नाव मतदारयादीखेरीज कुठे छापून आले नव्हते, आणि मतदारयादीत ते ‘शेळकर’ होते. त्यांनी हळूच पाने उलटली. सातवा लेख एकतिसाव्या पानावर होता.

रुक्मिणीबाईंनी पोहे आणले. भीमराजने खाता खाता कारखान्याच्या बातम्या सांगितल्या. कोण गेला, कोणाच्या मुलाला चिकटवले, कॅन्टीनच्या आमटीत आता काय सापडते.

“आणि मेंटेनन्सला चार्जहँडची जागा निघालीय, सगळ्या फिटरांच्या वर. खरं म्हणजे शफीची. त्याच्याएवढं मशीन कोणाला कळत नाही. पण चार्जहँडला लॉगबुक स्वतःच्या हातानं लिहावं लागतं, आणि त्याला तर लिहायची बंदी. म्हणून सोपानराव होणार.”

“सोपानराव?”

“तो काय, रोज ‘सर्व ठीक’ लिहितो. मागच्या वर्षी शेडचा पत्रा उडाला, त्या दिवशीही बुकात ‘सर्व ठीक’ आहे. बघा जाऊन.”

उद्धवरावांनी पोह्यांतला शेंगदाणा शोधून बाजूला ठेवला. “बंदी उठत नाही का?”

“उठेल की. साहेब स्वतः म्हणाले, शनिवारपर्यंत त्याच्या बाजूनं एखादं नवीन चिटोरं आलं तर फाइल उघडतो. नाही तर शनिवारी सोपानरावचं नाव लावतो. मी शफीला म्हटलं, लेका, अर्ज तरी कर. तर म्हणतो, कशाचा अर्ज? चूक माझीच होती. आता काय बोलायचं सांगा.” भीमराजने बशी पुसून घेतली. “त्याची पहिली पाळी चालू आहे, रोज भेटतो. गोड माणूस. पण डोकं नाही.”

भीमराज गेल्यावर उद्धवराव कपाटासमोर उभे राहिले. रुक्मिणीबाई बशा गोळा करीत होत्या.

“ते निळं पत्र बघताय होय?” त्या म्हणाल्या.

“कोणतं?”

“अहो, दर दिवाळीला मी ते पुस्तक झटकते. तुम्ही उत्तर देत नाही म्हणजे काही तरी मोठं असेल, म्हणून एकदा वाचलं. एका ओळीचं काम निघालं.”

“तसं सोपं नाही ते.”

“नसेल. मला काय त्यातलं कळतं? पण तो माणूस तिकडं सहा वर्षं मुका झाला, एवढं कळलं.” आणि मोरीकडे जाता जाता म्हणाल्या, “लिहायला जमत नसेल तर जाऊन सांगून या. एसटी आहे की.”

सोमवारी सकाळी उद्धवराव निघाले. शफीची सकाळची पहिली पाळी आहे हे त्यांना भीमराजकडून कळले होते, आणि म्हणूनच ते सकाळी निघाले. नाशिक फाट्याला त्यांनी चाकणची गाडी धरली, चाकणला उतरून तळेगावच्या गाडीत बसले, आणि महाळुंग्याच्या थांब्यावर उतरताना कंडक्टरला विचारले की परतीची गाडी किती वाजता आहे. कंडक्टर म्हणाला, “आजोबा, आधी उतरा तरी.”

मुलाण्यांचे घर चावडीमागे होते. पावसाने उघडीप दिली होती. ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती, ती शफीची आई रोशनबी. शेजारी गुडघ्यावर पाटी घेऊन, पाटीवर कागद ठेवून एक बाई लिहीत होती, ती शफीची बायको ताहेरा. तिच्यासमोर गावातली अंबुबाई फतकल मारून बसली होती.

“मी पिंपरीहून आलो. शफीभाईंना भेटायचं होतं,” उद्धवराव म्हणाले.

“ते कामाला गेलं की,” ताहेरा म्हणाली. “तुमी कुठलं म्हनायचं, काका?”

“मी... वाचनालयाकडून.”

हे खोटे नव्हते. ते दर बुधवारी वाचनालयात जात. ताहेराने त्यांना पोते अंथरून दिले आणि म्हणाली, “बसा, च्या टाकते. पर हिचं पत्र संपवू द्या. लेकाला धाडायचंय तिला, मिरजेला.”

अंबुबाईने सांगायला सुरुवात केली ती गुडघ्यापासून. गुडघा कधी धरला, वैद्याने काय लेप दिला, लेपाला वास कसा येतो. ताहेराची पेन्सिल कागदावर टेकलीच नाही.

“आत्या, त्येनं काय करायचं ते आधी सांग.”

“कुनी?”

“तुज्या लेकानं. पत्र वाचून त्येनं करायचं काय?”

“यायचं.”

“कवा?”

“पंचमीला. सुनंला, सुमनला घिऊन.”

ताहेराने लिहिले आणि वाचून दाखवले, “‘पंचमीला सुमनला घेऊन ये.’ बास. आता बोल.”

“आगं पर माज्या गुडघ्याचं?”

“ते खाली. गुडघा वर टाकला तर तो गुडघ्यापाशीच थांबंल. म्हनंल, आईचा गुडघा दुखतोय, दोन रुपयं धाडू. पंचमी राहील बाजूला.”

अंबुबाईने थोडा विचार केला. “धाडंल म्हना. बापावर गेलाय.” आणि ती गुडघ्याच्या खालच्या जागेला राजी झाली.

उद्धवरावांनी बावीस लेख लिहिले होते. त्यांतल्या एकातही वाचकाने वाचून करायचे काय, असा प्रश्न नव्हता. हे त्यांना पोत्यावर बसल्या बसल्या लक्षात आले, आणि त्यांनी उगाच धोतराचा सोगा नीट केला.

अंबुबाई गेली. चहा आला.

“तुम्ही छान लिहिता,” उद्धवराव म्हणाले.

“मी कसली? चौथी नापास मी. आधी गावाची पत्रं आमचं हेच लिवायचं. लांबलचक लिवायचं, पर आयकत ऱ्हावं वाटायचं. कंपनीनं लिवायची बंदी घातली, तवापास्नं पेन्सिलीला हात लावत न्हाईत. रेशनच्या अर्जावर बी मीच.”

“पण बंदी फक्त लॉगबुकापुरती होती.”

ताहेराने त्यांच्याकडे पाहिले. “तुमाला म्हाईत हाय व्हय? मी बी तेच म्हनते. तर म्हनत्यात, जिथं येक चुकलं तिथं दुसरं बी चुकंल. आपल्या लिवन्यानं कुनाचा हात ग्येला असता तर? म्हनून न्हाईच लिवायचं.”

“चूक त्यांची होती कशावरून?”

“त्येंनी इचारलं व्हतं ना. कंपनीच्या कागदात कुनी मोठं साहेब लिवत व्हतं, त्येंना पत्र टाकलं. चूक माजी का तुमची, म्हनून. उत्तर न्हाई आलं.”

“उत्तर आलं नाही, म्हणजे कळलंच नाही की चूक कोणाची.”

“मी बी तसंच म्हनलं. तर हे म्हनत्यात, तसं न्हाई ताहेरा. ते साहेब जानकार मानूस. सगळं तोंडानं सांगत न्हाईत, थोडं आपल्यावर सोडत्यात. गप ऱ्हायले, म्हंजे आपनच समजून घ्यायचं की चूक आपली.”

उद्धवरावांच्या हातातली बशी थोडी कलली. चहा पोत्यावर सांडला. रोशनबींनी शेंगेतून मान वर काढली.

“मी तर म्हंते, मेला आसंल त्यो साहेब,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर येवढं गप कोन बसतंय?”

“नाही, नाही,” उद्धवराव घाईने म्हणाले. “आहेत. जिवंत आहेत.”

“तुमी वळखता?”

“थोडंफार.”

रोशनबी म्हणाल्या, “मग त्येला म्हनावं, येवढं शिकून पोस्टात जायाची वाट न्हाई का घावली?” आणि पुढची शेंग फोडली. ताहेराने उद्धवरावांच्या हातातली बशी घेतली, पोत्यावरचा चहा फडक्याने टिपला आणि मग बेताने म्हणाली, “शनिवारपत्तुर येक कागद पायजे म्हनत्यात साहेब लोक. ह्यांनी सांगितलं मला. तुमची त्येंची गाठ पडली तर सांगा, काका.”

“सांगतो.”

“आनि आधी आभाळ-पाऊस नका लिवू म्हनावं. काय ते वरच लिवा.”

उद्धवराव थांब्यावर आले. गाडीला पाऊण तास होता. जाऊन सांगून या, असे रुक्मिणीबाई म्हणाल्या होत्या. ते जाऊन आले होते आणि सांगायचे सोडून ऐकून आले होते. सहा वर्षे ते समजत होते की आपण उत्तर दिले नाही. तिकडे उत्तर पोचले होते. सातव्या लेखाप्रमाणे बरोबर वाचले गेले होते, आणि चुकीचे होते. हे त्यांनी तळेगावकडून आलेल्या गाडीत उभ्याने मनात तीनदा फिरवून पाहिले. तिन्ही वेळा तेच निघाले.

मंगळवारी सकाळी ते लिहायला बसले. पहिल्या कागदावर लिहिले : ‘आषाढाचे मेघ दाटून आले असता आज आपले स्मरण झाले.’ वाचले आणि फाडले. दुसऱ्यावर लिहिले की साहित्यात संदिग्धतेचे प्रयोजन काय असते हा प्रश्न मोठा आहे. तो फाडताना रुक्मिणीबाई भाजी निवडत होत्या.

“मेघ गेले का?” त्यांनी विचारले.

“गेले.”

“मग आता कोण आहे?”

“संदिग्धता.”

“ती कोण?” रुक्मिणीबाईंनी विचारले, आणि मेथी पुढे ओढली.

तिसरा कागद उद्धवरावांनी बराच वेळ कोरा ठेवला. मग एका दमात लिहिला.

‘शफीभाई, हे पत्र शनिवारच्या आत जयसिंग साहेबांना दाखवा आणि चार्जहँडच्या जागेसाठी अर्ज करा. एक प्रत मी साहेबांना आजच पाठवली आहे.

‘तुम्ही सहा वर्षांपूर्वी विचारले होते, चूक तुमची का लेखाची. चूक लेखाची. तो लेख मी लिहिला. मी टाइम ऑफिसचा सेलूकर. तुम्ही रोज माझ्या खिडकीत कार्ड देत होता.

‘वाचणारा जाणकार नसला तर किती सोडावे, असे तुम्ही विचारले होते. जिथे वाचून कोणी मशीन चालू करणार आहे, तिथे काहीही सोडू नये. हे मला तेव्हाही कळायला हवे होते. कळले नाही, कारण मी लेख पुस्तकांतून उतरवला होता. मी स्वतः एकच गोष्ट लिहिली, ती परत आली. सल्ला देण्याचा मला अधिकार नव्हता. तुम्ही चौकशीत माझे नाव घेतले नाही, ते मी तेव्हा घ्यायला हवे होते. मी घाबरलो. मी गप्प राहिलो त्याचा अर्थ एवढाच होता. त्यात दुसरे काही सोडलेले नव्हते.

‘बंदी फक्त लॉगबुकाची होती. घरी लिहायला कोणाचीही ना नाही. ‘प्रेस आज काही तरी मनात धरून आहे’ हे वाक्य चांगले आहे. मला असे एकही जमले नाही. ते लॉगबुकात नको होते, इतकेच. दुसरीकडे कुठे तरी ते लागेल. आपला, उद्धव सेलूकर.’

गुडघ्याचे त्यांना बरेच लिहायचे होते. आपली झोप कशी उडाली, ग्रंथ कसा अर्धा राहिला, असे बरेच होते. खाली जागाही होती. ती त्यांनी तशीच ठेवली.

जयसिंग साहेबांच्या प्रतीला त्यांनी वेगळा कागद जोडला. त्यात लिहिले की शफी मुलाणी यांनी एकोणीस ऑगस्ट चौऱ्याहत्तरच्या चौकशीत जी चूक आपली म्हणून कबूल केली ती माझ्या लेखातल्या सल्ल्याने झाली होती, तरी बंदी उठवावी. पुस्तकातून सातवा लेख काढावा. आणि तो काढल्याने बाकीच्या लेखांवर विश्वास राहणार नसेल, जे मला रास्त वाटते, तर पुस्तक काढू नये. मग त्यांनी पहिले पान पुन्हा एकदा पाहिले. शाई आता सुकली होती. प्रुफांचे पुडके त्यांनी दोरीने बांधले आणि त्याच पाकिटाबरोबर ठेवले.

“दाखवा,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. मेथीचे हात पदराला पुसून त्यांनी शफीला लिहिलेले पत्र वाचले. वाचायला त्यांना वेळ लागला. मग पत्र घडी घालून परत दिले.

“बरं आहे का?”

“कळलं,” त्या म्हणाल्या. “पोस्ट एकला बंद होतं.”

पोस्टात रांग होती. काउंटरवर कुसुमताई होत्या. सगळे त्यांना ताईच म्हणत. उद्धवराव चौथे होते. दोनदा त्यांना वाटले की ‘मी घाबरलो’ हे वाक्य काढून ‘काही अडचणींमुळे’ असे घालावे. शफीचे पाकीट डिंकाने चिकटवलेले होते. त्यांनी कडेने नख घालून पाहिले. डिंक चांगला होता.

“कुठं?” कुसुमताईंनी विचारले.

“हे पुडकं आणि पाकीट इथलंच, पिंपरी. आणि हे महाळुंगे. पोस्ट चाकण.”

“साधं का रजिस्टर?”

“शनिवारच्या आत पोचलं पाहिजे.”

“शनिवार? आज मंगळवार. उद्या चाकण, परवा महाळुंगे. पोस्टमन कुठं लग्नाला गेला नाही म्हणजे झालं.” त्यांनी महाळुंग्याचे पाकीट तराजूवर टाकले. “एवढी घाई होती तर आधी यायचं, आजोबा.”

“हो,” उद्धवराव म्हणाले.

“रजिस्टर करते. पोचपावती हवी?”

“हवी.”

कुसुमताईंनी तिकिटे लावली, शिक्का दोनदा मारला आणि पाकीट मागे न बघता चाकणच्या पिशवीत टाकले. ते पिशवीच्या कडेला अडकले. मागच्या माणसाने एक बोट लावून त्याला आत ढकलले.

“आणखी काही?”

“नाही,” उद्धवराव म्हणाले, आणि पावती घेऊन बाजूला झाले, कारण मागे मनिऑर्डरवाला खोळंबला होता.